कोशाच्या दुकानातला उजेड

लग्नाआधी दिव्यानी बल्लारपूरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवायची. आरमोरीला सासरी आली आणि ती नोकरी सुटली. नवरा प्रफुल कोशाच्या, म्हणजे रानातल्या रेशमाच्या, साड्या विकायचा. दुकानात रंग बदलणारे एलईडी बल्ब होते, आणि घरी नेल्यावर साडी वेगळी दिसते ही गिऱ्हाइकांची कायमची तक्रार.

"हा पांढरा उजेड लाल, हिरवा, निळा मिसळून बनते," दिव्यानी म्हणाली. "मधला पिवळा त्यात जवळपास नाईच. कोसा सोनेरी दिसन कसा?"

पुठ्ठ्याच्या डब्याला फट पाडून, आत डीव्हीडीचा तुकडा बसवून तिने मोबाइलवर बल्बचा वर्णपट टिपला. एकेक रंग सुटा लावून, कमी-जास्त करून मोजला. बल्ब तापला की लाल मंदावतो, तेही गणितात घेतलं. कोणता रंग किती ठेवला तर कोणतं कापड कसं दिसेल, हे तिला आता आधीच सांगता येऊ लागलं.

"असा उजेड जमन का," प्रफुलने विचारलं, "ज्यात दोन वेगळे कपडे सारखेच दिसन?"

"जमते. काऊन?"

"असंच."

लग्नानंतर पहिल्यांदा कोणी तिला तिच्या विषयातलं विचारत होतं. त्याने आणून दिलेल्या दोन कापडांसाठी तिने हौसेने ते गणित सोडवून दिलं.

पुढे एका दुपारी सुगंधाबाई नावाच्या एक गिऱ्हाईक साडी घेऊन परत आल्या. "लेकीच्या साखरपुड्यात विहिणीले हीच साडी नेसवली. तिनं पदर उन्हात धरला. नकली कोसा नेसवला म्हणून सगळ्यांसमोर बोलली. सोयरीक मोडली."

दिव्यानीने साडी उन्हात नेली. मिलचं नकली कापड होतं. दुकानात आणून तिने ती अस्सल कोशाशेजारी ठेवली. दोन्ही सारख्याच सोनेरी.

"हा उजेड तसा लावला आहे, बाई," ती म्हणाली.

"कोणं लावला?"

"बनवला मीच."

सुगंधाबाई साडी तिथेच टाकून निघून गेल्या.

"गिऱ्हाइकासमोर तोंड कायले उघडते?" प्रफुल म्हणाला. "तूच त बनवून देल्लं."

तिने बल्बमधली रंगांची ती जुळणी पुसून टाकली. प्रफुलने ती केव्हाच मोबाइलमध्ये उतरवून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी उजेड पुन्हा तसाच.

तिने कॉलेजात विचारून पाहिलं. तिची जागा भरली होती. आता ती घरी शिकवण्या घेते. वर घरात जायचा जिना दुकानातूनच आहे. ती खाली उतरली की प्रफुल गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगतो, "आमच्या दुकानाचं लायटिंग हिनंच केलं. एमएस्सी आहे."