मावसाजींचा उजवा कान

माझ्या मावसाजींइतका भित्रा माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि त्यांची सगळी भीती एकाच वस्तूपायी होती. मोहाडीच्या त्यांच्या घरात, पूर्वी हातमाग होता त्या खोलीत, बंद पडलेल्या एका ऑर्केस्ट्राकडून आणलेला जुना अॅनालॉग सिंथेसायझर आहे. आजच्या कीबोर्डसारखं त्याचं नाही. खोली तापली की सूर सरकतो, गार झाली की पुन्हा सरकतो. म्हणून मावसाजी पंख्याला भीत, कुलरला भीत, मावशीच्या फोडणीच्या वाफेलाही भीत. एकदा लाखनीचे पाहुणे ऐन उन्हात आले. घाम पुसत त्यांनी बटणाकडे हात नेला, तसे हे ओरडले, "काहून लावता पंखा? त्याले हवा लागते ना!" पाहुणे बिचारे अंगणात लिंबाखाली जाऊन बसले. मावशी म्हणायची, "मले ताप आला तं यायले संध्याकाळी समजते. मशीन तापली का लगेच समजते." रोज सकाळी एकच ठरलेला सूर देणारा स्वरकाटा गुडघ्यावर आपटून कानाशी धरायचा आणि मशीनच्या मागचे बारीक स्क्रू केसभर फिरवत सूर जुळवायचा, हा त्यांचा नेम. तेवढा वेळ घरात कोणी खोकायचंसुद्धा नाही.

गेल्या उन्हाळ्यात मावशीच्या भजनी मंडळाला ते साथ करणार होते. कार्यक्रमाला काही दिवस उरले असताना मी गेलो, तर हे घामेजून बसलेले. "काही केल्या जुळून नाही राहिलं." मी मोबाइलवर सूर तपासणारं अॅप लावलं. सूर बरोबर होता.

"तुया मोबाइल खोटा बोलून राहिला," ते म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. काटा आपटून त्यांनी उजव्या कानाला लावला, मग डाव्या, मग पुन्हा उजव्या. चेहरा पांढराफटक पडला.

"काटा एकच हाय बापू. दोन कानांत दोन सूर येऊन राहिले."

एरवी त्यांच्या भित्रेपणाला हसायचो, पण त्या दिवशी मीच त्यांना दवाखान्यात घेऊन गेलो. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, डाव्या कानाची नस कमजोर झाली आहे, किती सुधारेल सांगता येत नाही. आणि उजवा? "आज तरी ठीक आहे." त्या 'आज तरी'ची मावसाजींनी जी धास्ती घेतली! परतताना ट्रकचा हॉर्न वाजला की ते तळव्याने उजवा कान झाकून घेत.

कार्यक्रमाच्या दुपारी मंडप भट्टीसारखा तापला होता. पहिलंच भजन झालं आणि मावसाजी थांबून मावशीकडे वळले. "अवं, सरकला का वं सूर? मले आता मायाच भरोसा नाही."

सगळं मंडळ बघत असताना मावशी उठून त्यांच्याजवळ बसली. "मी आहो ना. फिरवा तुमी. थोडा वर... अजून जराक... बस." भजन पुढे सुरू झालं, आणि मावसाजींनी शेवटपर्यंत मावशीच्या तोंडाकडे बघत वाजवलं.

औषध चालू आहे. डावा कान आहे तसाच आहे. परवा गेलो तेव्हा सूर लावून झाला होता आणि मावसाजी एकच पट्टी दाबून डोळे मिटून बसले होते. मी हाक मारली.

"बस जराक," डोळे न उघडता ते म्हणाले. "ऐकू येते तोवर ऐकून घेऊ दे मले."

मी दाराशीच टेकलो. आतून मावशी आली, तीही तशीच ऐकत उभी राहिली.