तांदळाच्या डब्यातली क्रिकेटची कॅसेट

अक्षर किरटं आहे, ऱ्हस्व-दीर्घाचाही भरवसा नाही. माफी असावी. चौथीनंतर वहीशी संबंध आला तो आत्ताच.

सायरन झाला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. रियाधमधलं घर, आखाती लढाईचे दिवस. वहिनी ओरडल्या, "गॅस बंद कर, आत चल!"

आत म्हणजे बेडरूम. तिच्या खिडक्या प्लॅस्टिक आणि टेप लावून बंद केलेल्या. साहेब-वहिनींना कंपनीने मास्क दिले होते. मला ओला टॉवेल.

साहेब पुण्याचे इंजिनियर. मी त्यांच्याकडे स्वयंपाकाला. त्याआधी मुंबईत मी तसल्या सिनेमांत डुप्लिकेट होते. म्हणजे हिरॉइन नको म्हणेल त्या सीनला तिच्या जागी कपडे उतरवायचे. चेहरा तिचा, बाकीची मी. मी लाजाळू, त्यामुळे हे काम सोयीचं पडलं. आईच्या ऑपरेशनसाठी प्रोड्यूसरकडून तीन सिनेमांची उचल घेतली होती. एक केला. दुसऱ्याला तो म्हणाला, "आता चेहराही दाखव." मी रियाधला आले. उचल फिटली नाही तर परत त्याच्याच सेटवर उभं राहायचं, असं स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं होतं.

वहिनी टीव्हीसमोर बसल्या. मास्क अजून मांडीवरच. "अहो, सत्यनारायणाची कॅसेट लावते."

तिथे आपली पूजा कॅसेटवर पाहायचीसुद्धा चोरी. म्हणून तिच्यावर 'क्रिकेट' असं लिहून ती तांदळाच्या डब्यात पुरलेली. लढाईमुळे शिधाही याच खोलीत आणून ठेवलेला. वहिनींनी डब्यात हात घातला.

"अहो, यात दोन क्रिकेट आहेत!"

साहेब मास्कमधून जोरात काहीतरी म्हणाले. मास्कमधून कुणाचंच काही कळत नाही.

पडद्यावर पूजा लागली नाही. पलंग लागला, मग पाठ. पाठीवर डावीकडे भाजल्याचा डाग. माझा.

"शी! कुठून आणलंत हे?"

साहेबांनी मास्क वर केला. "ऑफिसातल्या देवधरांनी दिली. मला वाटलं, मॅच असेल."

"मॅच तांदळात लपवतात?"

वहिनी टीव्ही बंद करायला उठल्या आणि पडद्याजवळ थबकल्या. गेल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या पाठीला बाम चोळला होता. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी टॉवेल डोळ्यांपर्यंत ओढला. खलास, म्हटलं. आता परतीचं तिकीट, आणि पुढे प्रोड्यूसर.

धोका टळल्याचा भोंगा झाल्यावर त्या माझ्यामागे स्वयंपाकघरात आल्या.

"तूच ना ती?"

"पाठ माझी, वहिनी. चेहरा त्या बाईंचा."

मग उचलीचं सगळं सांगितलं. त्यांनी माझी अर्धवट राहिलेली पोळी लाटायला घेतली.

"यांनी ओळखलं?"

"नाही. रोज मीच वाढते त्यांना, पण ते ताटातून वर बघत नाहीत."

"तुला कशाला ओळखतील, मेलं!" लढाई सुरू झाल्यापासून त्या पहिल्यांदा हसल्या.

जेवताना त्या साहेबांना म्हणाल्या, "आज पूजा हुकली. दक्षिणा तरी द्यायला हवी. हिचा पगार दुप्पट करा."

"दुप्पट? का?"

"का ते देवधरांच्या बायकोला विचारू?"

साहेबांनी मान खाली घालून आणखी एक पोळी मागितली.

आमच्या कामात एका सीनचे पैसे एकदाच मिळत. मला दोनदा मिळाले. लढाई थांबली, दक्षिणा थांबली नाही. कॅसेटमध्ये काय आहे हे वरचं नाव वाचून ठरवू नये, एवढं मात्र मी शिकले. पुढच्या वर्षी स्टॅम्पपेपर टपालाने परत आला. उचल पूर्ण फिटली होती.