रेमोंदचं नाक

ब्रुमेतच्या गढीवर द्राक्षं तोडत नाहीत, वेचतात. तीही कुजलेली. नदीवरून धुकं चढतं, मण्यांवर राखाडी बुरशी धरते, मणी सुकून सुरकुततो, आणि तेवढाच काढायचा. बाकीचा घड पुढच्या फेरीला सोडायचा. मग त्याच वेलीपाशी पुन्हा वाकायचं, पुन्हा वाकायचं, पार नोव्हेंबर उजाडेपर्यंत. शेवटच्या फेरीला मात्र उरलेला घड अख्खाच काढायचा. एके काळी राजेरजवाडे इथली गोड वाइन मागवायचे, असं गढीचे मालक पाहुण्यांना सांगतात. राजांच्या कंबरेला काय झालं होतं मागवायला? वाकत होतो आम्ही.

त्यातून बुरशीच्या जाती दोन. एक चांगली, एक आंबट. दिसायला सख्ख्या बहिणी. आंबटीला व्हिनेगरचा वास येतो, आणि तिचा घड पिंपात गेला की सगळी वाइन बिघडते. म्हणून जरा शंका आली की मणी नाकाला लावायचा. ज्याच्या हातून आंबट घड टोपलीत गेला तो ओळीवरून उतरला, म्हणजे कामावरून गेला, हा गढीचा जुना नियम. त्याला दयामाया नाही.

रेमोंद काझनाव माझी जोडीदारीण. वेलीच्या अलीकडे मी, पलीकडे ती, खाली दोघींत एक टोपली. तिचा नवरा गढीच्या तळघरात पिंपं घासायचा, तो गेला. मूलबाळ नव्हतं. नदीकाठचं दोन खोल्यांचं घर गढीचं, पण ओळीवर आहे तोवर तिचं. बाई तोंडाची फटकळ. मात्र नाक असं की मुकादम दारिकोसुद्धा अडलं की तिच्याकडे यायचा.

एका वर्षी वेचणीत दुपारच्या जेवणाला मी भावाकडचं चीज उघडलं. इतकं पिकलेलं की बायका नाक धरून लांब जाऊन बसल्या. रेमोंद मात्र निवांत पावाला लावून खात होती. मी तिच्याजवळ सरकले.

"नाक गेलं का गं तुझं?" मी हळूच विचारलं.

"हिवाळ्यात ताप आला होता, तेव्हापासून. कुठे बोललीस तर याद राख, योलांद."

"मग वेचतेस कशी?"

"रंग बघून. अंदाजाने. नाहीतर काय करू? घर सोडून बहिणीकडे जाऊ? तिच्या सुनेला माझा खोकलासुद्धा खपत नाही."

तेव्हापासून शंकेचा मणी ती वेलीतून माझ्याकडे सरकवायची, मी हुंगून मान हलवायची. ती मात्र लोकांना दिसावं म्हणून प्रत्येक मणी नाकाशी नेऊन "वा!" म्हणायची. संध्याकाळी दोघी इतक्या गळून जायचो की बोलायचं त्राण उरायचं नाही.

शेवटच्या फेरीत मी पाणी प्यायला गेले, आणि तेवढ्यात झालं. परत येते तो दारिको आमच्या टोपलीत नाक खुपसून उभा. त्याने एक घड वर काढला. व्हिनेगरचा भपकारा मला चार हातांवरून आला.

"योलांद, कात्री ठेव," तो म्हणाला. "उतर ओळीवरून."

"मीच कशावरून?"

"मग काय रेमोंद? तिचं नाक कधी चुकलंय का?"

ओळ गेली तर हिवाळ्यातलं छाटणीचं कामही गेलं, आणि मग खायचं काय? पण बोलले तर तिचं घर जाणार होतं. रेमोंद वेलीपलीकडे खाली बघत होती. ती गप्प बसली असती तर मी तिला दोष दिला नसता. खरंच दिला नसता.

"घड मी टाकलाय," ती म्हणाली. "मला वासच येत नाही."

दारिको हसला. "मैत्रिणीसाठी खोटं बोलतेस होय?"

"हुंगायला दे काहीतरी."

त्याने दोन मणी तिच्या तळहातावर ठेवले, एक चांगला, एक आंबट. "कुठला आंबट?"

तिने दोन्ही नाकाशी धरले. बराच वेळ धरले. मला वाटतं, मनातून तिलाही आशा होती. सगळी ओळ थांबून बघत होती. शेवटी तिने हात खाली घेतला.

"दोन्ही सारखेच रे, दारिको."

त्याचं हसू मावळलं. वाईट त्यालाही वाटलं असणार, पण नियम त्याच्या हातचा नव्हता. वसंतात घर रिकामं करायचं ठरलं. तिने कात्री पुसून टोपलीत ठेवली.

संध्याकाळी मी सूप घेऊन तिच्याकडे गेले. ती पाय पसरून बसली होती. "बरं झालं बाई," म्हणाली, "वास येतोय असं दाखवून दाखवून जीव थकला होता." मग सूप हातात घेऊन, "आज रस काढला ना? वास कसा होता?"

तिला बरं वाटावं म्हणून मी सुरू केलं. "काय सांगू! जर्दाळू, संत्र्याची साल, मध..."

"थापा मारू नकोस. ताज्या रसाला जर्दाळू कुठला? तो पिंपात दोन हिवाळे काढल्यावर येतो. आज काय येत होतं ते सांग."

मी आठवून बघितलं. "ओल्या अळंबीसारखा. आणि थोडा मधाचा."

रेमोंदने डोळे मिटले. तिच्या हातातलं सूप गार होत होतं.

"परत सांग," ती म्हणाली.