एका परातीतलं पीठ

गिरणीतून ज्वारीचं गरम पीठ आणलं, की डब्यात भरण्याआधी मी त्याचा वास घेतेच. त्या वासात मला शिरूर अनंतपाळकडचं आमचं गाव दिसतं आणि परातीपुढं बसलेली आई.

त्या साली दुष्काळ होता. गावात ख्रिस्ती घरं अकरा, तरी उपासनेला जमणाऱ्या मंडळ्या दोन. भांडण बाप्तिस्म्यावरून. आम्ही डोक्यावर पाणी शिंपडायचो, आणि पलीकडचे म्हणायचे, नदीत बुडवल्याशिवाय तो बाप्तिस्माच न्हाई. आता नदीत नुसती वाळू होती, आणि शिंपडायलाही टँकरची वाट बघावी लागायची.

रविवारी उपासनेत सगळ्यांनी येशूच्या आठवणीत मोडून खायची, ती प्रभुभोजनाची भाकरी करायची पाळी आईची होती. घरात पीठ मूठभर. "ज्यानं आजवर पुरवलं तो उद्याबी पुरवंल," म्हणत ती परात घेऊन निघाली आणि दोन्ही मंडळ्यांच्या घरांतून मूठ मूठ पीठ मागून आली. मागोमाग पलीकडचे पुढारी याकोबमामा दारात हजर.

"मार्थाबाई, आमचं पीठ तुमच्या भाकरीला?"

आईनं पाणी ओतलं, पीठ मळलं आणि गोळा त्यांच्यापुढं धरला. "घ्या मामा, तुमचं तेवढं काढून घ्या."

मामांनी गोळ्याकडं बघितलं. मग हळूच म्हणाले, "रविवारी आमीबी येतो, बाई."

आई दारोदार हिंडली याची तेव्हा मला लई लाज वाटली होती. आज गावात एकच मंडळी आहे. ती एक कशी झाली, असं कुणी विचारलं, की मी मान ताठ करून सांगते, "माझी आई पीठ मागायला गेली होती."