हिरवा की निळा

आमचे आतोबा कोथिंबीर ताजी आहे का, हे भाजीवाल्याला कधीच विचारायचे नाहीत. आदल्या दिवशी नेलेल्या बाईला गाठायचे. "वहिनी, काल यांच्याकडून नेलीत ना? रात्रीपर्यंत टिकली का?" मुलुंडच्या सोसायटीत त्यांचं नावच पडलं होतं, चौकशी खिडकी. नोकरीसाठी कणकवलीहून येऊन मी आत्याकडे राहिलो, तेव्हा पहिला आठवडा माझीच चौकशी चालली होती. बायकोच्या सख्ख्या भावाचा मुलगा असून!

त्या वर्षी तिसऱ्या मजल्यावरच्या सावंतांनी कसलीशी ईमेल उघडली आणि त्यांच्या सगळ्या फायलींची वाट लागली. लगेच आतोबांनी घरच्या कॉम्प्युटरसाठी अँटिव्हायरस घ्यायचं ठरवलं. म्हणजे ठरवायला घेतलं. दोन कंपन्या होत्या, नावं काही त्यांच्या जिभेवर बसेनात, म्हणून चिन्हाच्या रंगावरून एक हिरवा आणि एक निळा. मी अंधेरीच्या ऑफिसातून पार पिळून निघून यायचो आणि दारातच प्रश्न, "हिरवा की निळा?"

"कुठलाही घ्या हो आतोबा. दोन्ही सारखेच."

"कुठलाही? बायको करताना पण असंच म्हणणार आहेस काय रे?"

आतून आत्या ओरडायची, "अहो, पोराक आधी जेवूक तरी द्या!"

त्यांची पद्धत वेगळीच. हिरव्याच्या ऑफिसात फोन लावून ते निळ्याची चौकशी करायचे. "बाळ, तू हिरव्यातली ना? मग निळ्यात काय खोट आहे ते सांग." पलीकडून ती पोरगी गोड आवाजात, "सर, आम्ही दुसऱ्या कंपनीबद्दल बोलत नाही." आतोबा फोनवर हात ठेवून मला सांगायचे, "खोट नसणार. असती तर बोलली असती." मग निळ्याला फोन, हिरव्याबद्दल. वर मला तत्त्वज्ञान, "स्थळाची चौकशी भाऊबंदांत करू नये, ते झाकतात. दुश्मनाला विचारावं." हा अख्खा फोन मी ऑफिसात दोन्ही आवाजांत करून दाखवायचो, लोक लोळायचे. घरी आलं की तोच खेळ रोज, तोही खरा. हसू कुठून येणार?

एकदा भाजी निवडताना आत्याने सांगितलं. शलाकाताईच्या, म्हणजे त्यांच्या मुलीच्या, लग्नात असली काहीच चौकशी झाली नव्हती. मुलगा एका संध्याकाळी आला, गोड बोलला, आणि पोहे संपायच्या आत आतोबांनी होकार दिला. वर्षही झालं नाही, ताई एका बॅगेनिशी परत आली. काय झालं ते तिने सांगितलं नाही, यांनी विचारलं नाही. मग ती नोकरीला बंगळूरला गेली. "तेव्हापासून ह्यांका मीठ घेताना पण भीती वाटता," आत्या म्हणाली.

शेवटी आतोबांनी कॉम्प्युटरात दोन्ही टाकले. "एक वॉचमन झोपला तर दुसरा जागा." पण हे वॉचमन एकमेकांनाच चोर समजून धरायला लागले. कॉम्प्युटर चालू करून आतोबा अंघोळ, पूजा उरकून यायचे, तरी तो उघडत असायचा. एक काढा म्हटलं की लगेच, "कुठला?" आणि पुन्हा पहिल्यापासून फोन सुरू.

अशातच ताईचा फोन आला. ऑफिसातला एक जण आहे, मी ठरवलंय, रविवारी व्हिडिओवर भेटा. आतोबा एवढंच म्हणाले, "बरं." पण रविवारपर्यंत काही खरं नव्हतं. पगार, पिणं, राग, घरचे, सगळे प्रश्न ते गॅलरीत फेऱ्या मारत पुटपुटत होते. मोबाईलवर बोला म्हटलं तर म्हणाले, "मोबाईलवर सगळेच बरे दिसतात. मला माणूस मोठा बघायचाय."

इस्त्रीचा शर्ट घालून ते कॉम्प्युटरसमोर बसले. ताईचा अर्धा चेहरा आला आणि तोंड उघडं ठेवून अडकला. त्यावर धोक्याची हिरवी पाटी, तिच्यावर निळी. मग ताईने मोबाईलवर फोन केला. "बाबा, राहू दे. नंतर कधीतरी बघू." आवाज इतका थकलेला होता, की नंतर म्हणजे कधीच नाही हे मलासुद्धा कळलं.

आतोबा उठले आणि मला खुर्चीत ढकललं. "एक काढून टाक."

"कुठला?"

"कुठलाही काढ रे! ती फोन ठेवेल!" आणि मोबाईलमध्ये, "शलू, थांब हां. ठेवू नकोस. थांब."

हाताला आला तो निळा काढला. कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा चालू झाला आणि एकदाची ताई दिसली. शेजारी एक टक्कल पडत चाललेला माणूस, शाळेत उभं केल्यासारखा ताठ. "नमस्कार काका," तो म्हणाला. मी आतोबांकडे बघितलं, आता प्रश्न येणार.

"जेवलात?" आतोबांनी विचारलं.

"बाबा, संध्याकाळ झाली!" ताई जोरात हसली. तो पण हसला. मग बंगळूरचं ट्रॅफिक, मुलुंडचं पाणी, माझी नोकरी, असलंच काहीबाही. मी पायाने दोनदा ढोसलं, तरी गॅलरीत पुटपुटलेल्यातलं एक अक्षर आतोबांनी विचारलं नाही.

फोन संपल्यावर आत्या पदर खोचून पुढ्यात उभी राहिली. "एवढी चौकशी करणार होतात ना? मग? कसा वाटला?"

आतोबांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत बसले.

"त्याच्याकडे बघायचं राहूनच गेलं गं," ते म्हणाले. "मी शलूलाच बघत होतो. तब्येत सुधारलीय पोरीची."