मोहिनीची गाडी आणि ललितचा डावा पाय

फैजपूरच्या मोहिनीचा डावा पाय लहानपणीच पोलिओने गेला. ब्लाउज-ड्रेस शिवून ती सावदा, भुसावळच्या दुकानांना पोचवते, आणि तेही स्वतःच्या गाडीने. गाडी जुनी, जळगावच्या एका डॉक्टरांकडून घेतलेली, पण आपोआप गिअर बदलणारी. क्लच नाही, त्यामुळे उजव्या पायावर भागतं. ती गाडी आली आणि मोहिनीचं "मले सोडून देता का?" बंद झालं. मी शेजारीण, माझ्या डोळ्यांदेखत बंद झालं.

पण पुढे गाडीचे नखरे वाढले. सकाळी ड्राइव्हवर टाकली की जरा विचार करायची, मग धक्का देऊन निघायची. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना गिअर पकडायचाच नाही, इंजिन नुसतं किंचाळायचं. मोहिनीने तिचा स्वभाव ओळखला होता. अशा वेळी ॲक्सिलरेटर हलका सोडायचा, गिअर पडला की पुन्हा दाबायचा. गिअरबॉक्सचं तेल काळं पडलंय, बदलायला हवं, असं ती कधीची सांगत होती.

थोरला भाऊ ललित ऐकेल तर शपथ! त्याने गाडी विकायला परस्पर नशिराबादचं गिऱ्हाईक ठरवलं. "हायवेवर बंद पडली तर तुले उचलून कोन आनीन?" म्हणाला. माया होती त्यात, नाही असं नाही. पण बोलणं असं की अंगाची लाही व्हावी. गाडी दाखवायला निघायच्या दिवशी मोहिनी त्याच्या शेजारी बसली. मीही हट्टाने मागच्या सीटवर जाऊन बसले.

गाडी ललितच चालवत होता. सारा जन्म जीप हाकलेला माणूस. भुसावळ सोडलं, हायवे लागला आणि गिअर अडकला. इंजिन ओरडायला लागलं.

"पाय सोड, दादा! सोड!" मोहिनी म्हणाली.

त्याने सोडला नाही. उलट सवयीने डावा पाय क्लच समजून जोरात दाबला. तिथे कुठला क्लच? तो ब्रेक! गाडी भर रस्त्यात जागच्या जागी थांबली. माझं कपाळ पुढच्या सीटवर आदळलं. मागून ट्रकचा हॉर्न असा आला की मला माझी पोरं आठवली. ट्रक कसाबसा बाजूने निघून गेला.

ललितने गाडी कडेला घेतली. करपल्याचा वास येत होता.

"उतर," मोहिनी म्हणाली. "या गाडीले एकच पाय लागते."

कुबडी धरून, वाहनांच्या वाऱ्यात, ती फिरून आली आणि स्टिअरिंगवर बसली. हायवेवर पुन्हा चढताना मला डोळे मिटून घ्यायचे होते, पण मिटेनात. मागे टँकर येत होता. वेग वाढला, इंजिन किंचाळलं, तिने पाय उचलला. गिअर पडेना. टँकर पार जवळ आला. तिने घाई केली नाही, पाय तसाच हलका धरला. एक हिसका बसला आणि गाडी पुढे सुटली. शेजारी बसलेला ललित बहिणीच्या पायाकडे बघत होता.

नशिराबादला गिऱ्हाईक, जीवराम, रस्त्यावरच उभा होता. गाडीभोवती फिरला, बोनेट ठोकून पाहिलं. "चालवून दाखवा, भाऊ," तो ललितला म्हणाला.

ललित खाली उतरला. "मले नही येत," तो म्हणाला. "तिची गाडी हाये. इकायची नही."

जीवराम बडबडत राहिला. स्टिअरिंगवर डोकं ठेवून मोहिनी ढसाढसा रडली. टँकरला न घाबरलेली बाई! मग ओढणीने तोंड पुसून तिने भावाला विचारलं, "गॅरेजवाल्याले तेलाचं कोन सांगीन, तू का मी?"

"तूच सांग," ललित म्हणाला, आणि मागचं दार उघडून माझ्या शेजारी येऊन बसला.