धाकट्याला सांगायचं राहिलेलं

भंगाराच्या आवारात जुन्या गाड्या फोडणाऱ्या त्या माणसाला सगळे घण्याच म्हणत. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. वडिलांच्या घरावरून वाजलं, तेव्हा त्यानं धाकट्या भावाला पान्यानं असं बडवलं, की त्याचा डावा डोळाच गेला. तेव्हापासून दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं.

साठी उलटली आणि घण्याची लघवी अडायला लागली. प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, हाडांपर्यंत पोचलेला. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की या पेशी पुरुषी हार्मोनवर पोसतात, म्हणून इंजेक्शनं देऊन त्यांची रसद तोडायची. पण पेशी महाबिलंदर. पुढेमागे उपाशीपोटीही वाढायला शिकतात.

इंजेक्शनांनी घण्याचा पार चोथा केला. अंगातून वाफा निघायच्या, घण उचलेना. चिडून बायकोवर ताट भिरकावलं, तर ते अर्ध्या वाटेतच पडलं.

मग रक्ताच्या तपासणीत आणखी एक निघालं. तुटलेला डीएनए सांधणारं एक जनुक त्याच्यात जन्मापासूनच बिघडलेलं होतं. आईबापांकडून आलेला दोष; सख्ख्या भावातही असू शकतो, मुलांतही. बाई म्हणाल्या, भावाला कळवा.

फोन तो उचलणार नाही, हे ठाऊक होतं. घण्या स्वतःच गेला.

धाकट्यानं दार उघडलं, ओळखलं आणि नाकावर ठोसा हाणला. घण्या पायरीवर आपटला. पाठोपाठ लाथ बसली आणि कॅन्सरनं पोखरलेली बरगडी काडकन मोडली. हाताशी वीट होती. घण्याची बोटं तिच्यावर आवळली, मग सुटली.

"मार अजून," तो रक्त थुंकत म्हणाला. "पण तुझं रक्त तपासून घे. माझा रोग आपल्या घरातनं आलाय."

धाकट्यानं दार लावून घेतलं. भावजयीनंच रिक्षा बोलावली, आणि पुढे नवऱ्याच्या मागे लागून तपासणीही करवली. दोष त्याच्यातही होता. पुढच्या तपासण्यांत गाठही सापडली, पण लहान होती, प्रोस्टेटच्या बाहेर पडली नव्हती. ऑपरेशनात निघाली.

घण्याच्या पेशी मात्र हार्मोनवाचून जगायला शिकल्या. तो वर्षभरात गेला. धाकटा अंत्यविधीला फिरकला नाही.

आठवड्यानं तो घण्याच्या दारात उभा राहिला. घण्याची मुलगी तपासणी टाळत होती; बायकांनाही या दोषानं कॅन्सर होऊ शकतो, हे तिला ऐकायचंच नव्हतं.

"चप्पल घाल," काका म्हणाला. "रक्त द्यायला जायचंय."